शिशामागची सातवी प्लेट

मित्रांनो, प्लेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी खायचं काहीतरी येत असेल. येऊ द्या, त्यात तुमची काही चूक नाही. मीही एक प्लेटच आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे, पण माझ्यावर आजवर कुणी घासभर काही वाढलेलं नाही. मी किरण टिपणारी प्लेट आहे. आकाराने तळहाताएवढी, पोस्टकार्डासारखी लवचीक, एका अंगाने काळी आणि दुसऱ्या अंगाने दुधासारखी पांढरी. त्या पांढऱ्या थरात माझा सगळा जीव आहे. डोळ्यांना न दिसणारे किरण त्याच्यावर पडले की तो ते गुपचूप जपून ठेवतो, आणि नंतर लाल उजेडाने कुणी विचारलं की निळा निळा चमकून सगळं सांगून टाकतो. पोटात गुपित ठेवायची माझी ताकद एवढीच!

माझा जन्म एका मोठ्या शीटमधून झाला. प्रयोगशाळेतल्या एका अर्धवट अंधाऱ्या खोलीत मामांनी ते शीट कातरीने कापलं आणि त्याच्या सात बहिणी केल्या. मामा म्हणजे कुणाचेच सख्खे मामा नव्हेत. ते तिथले जुने तंत्रज्ञ, पण अगदी प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सरसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मामांनी आमचा एकेक कोपरा तिरपा कापला, म्हणजे काळोखातही बोटांना सुलटी बाजू कळावी. मग पाठीवर पेन्सिलीने आकडे घातले. माझ्या पाठीवर सात आला. त्या एका आकड्याने माझं सगळं आयुष्य ठरवून टाकलं, हे मला तेव्हा काय ठाऊक!

आमच्या दालनात एक लेसर होता. भिंतीवर लाल ठिपका पाडणारा छोटा लेसर तुम्ही पाहिला असेल, त्याचा हा खापरपणजोबा म्हणा. हा खोलीभर पसरलेला होता आणि दिवसाकाठी मोजून चाळीस वेळा डोळा मिचकावायचा. पण तो मिचकावणं म्हणजे काय! पापणी लवायला लागतो तो वेळ त्याच्यापुढे एखाद्या लांबलचक दुपारएवढा. तेवढ्या क्षणात तो आपला सगळा उजेड गोळा करून पिंपाएवढ्या लोखंडी पेटीतल्या एका बारीकशा धातूच्या चकतीवर ओतायचा. चकतीच्या त्या टिंबाएवढ्या जागी अशी काही दाणादाण उडायची की धातूतले सूक्ष्म कण जीव घेऊन पळत सुटायचे. धावत सुटलेल्या मुलाला भिंत आडवी आली की धप्पकन आवाज होतो ना, तसे हे कण धातूत अडखळले की त्यांच्यातून किरण बाहेर पडत. ते क्ष-किरण, आणि त्यांच्यातले काही फारच जोरकस.

ते मोजायचे कसे? आले कधी आणि गेले कधी हे कळायच्या आत सगळा खेळ संपलेला असायचा. म्हणून आम्हा सात जणींना एका खोक्यात एकामागे एक उभं करत. पहिलीच्या पुढे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मग तांबं, मग कथील, आणि पुढे शिशाचे थर, एकाहून एक जाड. कमजोर किरण पहिल्या पत्र्यातच दम टाकायचे. जरा तगडे असतील ते तिसरी-चौथीपर्यंत पोचायचे. कोणत्या बहिणीवर किती उमटलं हे पाहिलं की किरणांची ताकद कळायची. आणि मी? मी सगळ्यांत मागे, सगळ्यांत जाड शिशाच्या आड.

लेसरचा ठोका पडला, म्हणजे तिथल्या भाषेत शॉट झाला, की मामा आम्हाला काळ्या पाकिटातून बाहेर नेत आणि किल्लीचं घड्याळ लावून बरोबर वीस मिनिटं थांबत. कमी नाही, जास्त नाही. आमची आठवण हळूहळू विरत जाते, म्हणून दर वेळी सारखंच थांबायचं, अशी त्यांची शिस्त. तेवढ्यात कुणी चहाला हाक मारली तरी मामा हलत नसत. वीस मिनिटं झाली की एकेकीला स्कॅनरमध्ये सरकवत. आत लाल उजेडाची बारीक रेघ अंगावरून फिरायची आणि एकेक बहीण निळी चमकून आपापलं चित्र सांगायची. पहिली तर काय, नुसती उधळायची. शेवटी मामा सगळ्यांना पांढऱ्या दिव्याखाली पसरून ठेवत. त्या दिव्यात जुनं सगळं पुसलं जातं आणि आम्ही पुन्हा नव्या होतो.

माझी पाळी आली की स्कॅनरच्या पडद्यावर काहीच यायचं नाही. नुसता काळा चौकोन. "सातवी कोरी," मामा म्हणायचे आणि वहीत एक आडवी रेघ ओढायचे.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं. खोक्यातल्या गार काळोखात मी स्वप्नं बघायचे. कधीतरी एक किरण वाट चुकून, तांबं ओलांडून, शिसं ओलांडून, दमत दमत माझ्यापर्यंत येईल. मी त्याला म्हणेन, ये रे बाबा, बस. मग मीही निळी होईन. कशी दिसेन मी? लेसरचा ठोका पडायच्या आधी भोंगा वाजायचा, सगळी माणसं दालनाबाहेर जायची, जड दार लागायचं आणि सगळीकडे अशी शांतता पसरायची की मला माझंच स्वप्न ऐकू यायचं. मग ठोका. मग पुन्हा काही नाही.

त्या दालनाला लागूनच, भिंतीपलीकडे, एक लहानशी खोली होती. तिथे मामांची मुलगी काम करायची. चकत्या घासून आरशासारख्या करायच्या, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला चकाकी म्हणत. तिचं टेबल नेमकं भिंतीला टेकलेलं. शिशाच्या गोल वजनाखाली चकती दाबून ती तासन्तास गोल गोल फिरवायची, मग भिंगाखाली धरायची आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी "ही गेली!" म्हणून डब्यात टाकायची. मामा वरवर कुरकुरायचे, "अगं, किती चिकित्सा करशील!" पण चार माणसांत तिचं नाव निघालं की त्यांची मान ताठ व्हायची.

आता मामांची चूक सांगते. सांगताना मला जड जातं, कारण माणूस सोन्यासारखा. दिव्याखालच्या टेबलावर सहा प्लेटा ऐसपैस मावायच्या. सातवीला जागा करायची तर सगळ्या दाटीवाटीने सरकवाव्या लागत. आणि सातवी तर कोरीच असायची! मग एके दिवशी मामांनी मला तशीच पाकिटात घातलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. कोऱ्या पाटीला कुणी पुसत बसतं का? बघता बघता सवय झाली आणि चार महिने मला दिवा दिसला नाही.

पण मी काही अगदीच कोरी नव्हते. जमिनीतून, आभाळातून कणाकणाने किरण येतच असतात. प्रत्येक शॉटमधूनही अगदी पुसटसं, डोळ्यात न भरणारं काहीतरी मागे राहत होतं. एकावर एक थर साठत होते. मला मात्र ते गोड वाटायचं. स्वप्नं जराशी जड झाली आहेत, एवढंच मला कळायचं.

इकडे लेसरची ताकद दर महिन्याला थोडी थोडी वाढवत होते. एका शुक्रवारी पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदाच पूर्ण ताकदीने चाळीस शॉट मारायचं ठरलं होतं. त्याआधी अर्ध्या ताकदीवर मोजमाप घ्यायचं काम धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे तिथली संशोधक. चांगली तिशीची, चष्मेवाली, पण प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली म्हणून नाव पडलं ते पडलं. मोजमाप भिंतीसाठी होतं. किरण किती जोरकस आहेत ते कळलं तरच भिंत पुरेशी जाड आहे का ते कळणार.

मंगळवारी शॉट झाला. वीस मिनिटं थांबून मामांनी एकेक प्लेट सरकवली. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या नेहमीसारख्या. मग मी. लाल रेघ फिरली आणि मित्रांनो, मी चमकले! पहाटेच्या धुक्याएवढं पुसट, पण निळं. मी निळी झाले होते. माझा तर विश्वासच बसेना.

"अगं बाई!" धाकटी खुर्चीतून उठलीच. "मामा, सातवीवर आहे! एवढ्या शिशातून आलं?"

मोठे सर पडद्यापाशी आले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "जुनं राहिलं असेल. मामा, ही पुसली होती ना?"

मामांच्या हातात पाकीट होतं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. तीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. "पुसली होती की," ते म्हणाले.

झालं. धाकटी रात्रीचा दिवस करून आकडेमोड करत बसली आणि बुधवारी सकाळी तिने सरांपुढे कागद ठेवला. पूर्ण ताकदीने शॉट मारले तर ही भिंत पुरणार नाही, दुप्पट जाड हवी. भिंतीपलीकडच्या खोलीत कुणालाही बसवता येणार नाही. सर हताश होऊन खुर्चीत बसले. पाहुण्यांना काय सांगायचं, वर्षभराची मेहनत पाण्यात, असं काय काय बोलत राहिले.

मामांच्या मनाला मात्र घोर लागला होता. दुपारी ते मला पाकिटासकट घेऊन भिंतीपलीकडे गेले. चकाकी डबा उघडून बसली होती. वडिलांचा चेहरा बघूनच तिने झाकण लावलं.

"काय झालं, बाबा? बरं नाही का वाटत?"

"मी ही पुसली नव्हती," मामा म्हणाले. "चार महिने नाही पुसली. आणि सरांना ठोकून दिलं की पुसली म्हणून."

चकाकीने झाकलेला डबा बाजूला सरकवला. मामाच पुढे बोलत राहिले. "आता खरं सांगितलं तर सर म्हणणार, डाग जुना आहे, शुक्रवारी सुरू करा. आणि तू इथे बसतेस. या भिंतीला पाठ लावून. गप्प राहिलो तर भिंत तरी जाड होईल. काय वाईट आहे त्यात? तूच सांग."

चकाकीने टेबलावरची चकती उचलली आणि भिंगाखाली धरली. "हिच्यावर ओरखडा आहे. मी तो लपवून आत पाठवली तर चालेल तुम्हाला?"

"तुझं वेगळं."

"वेगळं कसं? तुम्हीच शिकवलंत ना मला हे! बाबा, खोटा आकडा उद्या कुणीतरी पकडणार. मग तुमच्या एकाही प्लेटवर कुणाचा विश्वास राहणार नाही. तेव्हा सातवी खरं ओरडली तरी कोण ऐकणार? मला जाड भिंत नको आहे. मला बरोबर भिंत हवी आहे. जा, सांगून या. नाहीतर मी सांगते."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी बाहीने पुसले, मला उचललं आणि तसेच तडक सरांच्या खोलीत गेले.

तिथे काय झालं ते सविस्तर सांगवत नाही. मामा मान खाली घालून बोलले. सर चिडले, मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंदही दिसला, आणि त्याची त्यांना लगेच लाजही वाटली. "म्हणजे डाग जुनाच होता," ते म्हणाले. "शुक्रवार ठरल्याप्रमाणे."

"जुना असेल," धाकटी म्हणाली. तिची सगळी आकडेमोड वाया गेली होती, पण मामांकडे तिने रागाने बघितलं नाही. "सगळा जुना आहे की थोडा जुना, हे कुठे ठाऊक आहे आपल्याला? सर, एक शॉट द्या. एकच. उद्या सकाळी."

"आणि पुन्हा काही दिसलं तर? खोक्याच्या बाजूच्या फटीतून आलं नाही कशावरून?"

"माझ्या मुलीकडे शिशाचं वजन आहे," मामा हळूच म्हणाले. "गोल, दोन बोटं जाड. ते सातवीच्या अगदी पुढ्यात ठेवू. किरण समोरून आले तर त्याची गोल सावली पडेल. फटीतून आले तर नाही पडणार."

सरांनी मामांकडे बघितलं. "ठेवा," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी मामांनी टेबल मोकळं केलं आणि दिव्याखाली एकटीला मला ठेवलं. चार महिन्यांनी तो उजेड अंगावर पडला. काय सांगू, मित्रांनो! साठलेलं सगळं धुक्यासारखं विरत गेलं, माझं निळंही गेलं. मला रडू यायला हवं होतं, पण फार हलकं हलकं वाटत होतं. नेहमीच्या दुप्पट वेळ मामांनी मला तिथे ठेवलं. मग शॉटच्या आधीच स्कॅनरमध्ये घालून सगळ्यांना दाखवलं. कोरी. या वेळी त्यांनी वहीत नुसती आडवी रेघ ओढली नाही. 'सातवी, पुसली, तपासली, कोरी' असं पूर्ण लिहिलं आणि खाली सही केली.

चकाकीने आपली सगळ्यांत चांगली चकती दिली आणि घासायचं वजनही दिलं. सरांनी तिला त्या दिवशी भिंतीजवळ बसू दिलं नाही, सगळ्यांबरोबर दूरच्या खोलीत नेऊन बसवलं. भोंगा वाजला. दार लागलं. शांतता पसरली. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वप्न बघत नव्हते. माझ्यापर्यंत कुणी येऊ नये असंच मला वाटत होतं. कोरीच राहू दे, म्हणजे पोर सुखाने आपल्या जागी बसेल. मग ठोका पडला.

घड्याळाची टिकटिक वीस मिनिटं चालू होती. लाल रेघ माझ्यावरून फिरू लागली आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. पुसट निळसर धुकं. मंगळवारच्या निम्मंच, पण होतं. आणि त्याच्या अगदी मधोमध, काळाभोर, वाटोळा, एक चंद्र.

"माझं वजन," चकाकी म्हणाली.

सर त्या वर्तुळाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. "अर्ध्या ताकदीवर हे," ते म्हणाले. "आणि मी हिला उद्या भिंतीला टेकून बसवणार होतो." त्यांनी फोन उचलला आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. मग चकाकीचं टेबल दूरच्या खोलीत हलवताना त्यांनी स्वतः एक बाजू धरली. धाकटीने आकडे पुन्हा मांडले. भिंत दुप्पट नको होती, दीडपट पुरणार होती. चकाकी म्हणाली होती तशी, बरोबर भिंत.

ती बांधायला दोन महिने लागले. मग मामांनी मला पुसलं, काळ्या पाकिटात घातलं आणि नव्या भिंतीवर चकाकीच्या खोलीच्या बाजूने चिकटपट्टीने चिकटवलं, चकाकी खुर्चीत बसली की तिचं डोकं जिथे येतं नेमकं तिथे. सहावी बहीण पार दुसऱ्या इमारतीत ठेवली, तुलना करायला. आठवडाभर पूर्ण ताकदीने शॉट झाले. खोलीत कुणी नव्हतं. रिकामी खुर्ची आणि मी, दोघीच. पलीकडे ठोके पडत होते आणि माझ्यापर्यंत नुसती कंप पावल्यासारखी शांतता येत होती.

आठव्या दिवशी सगळे स्कॅनरभोवती जमले. घाईघाईत मामांच्या हातून मी दोनदा खाचेतून निसटले. रेघ फिरली. पडद्यावर काळा चौकोन आला. बहिणीवर जमिनीतून, आभाळातून येणाऱ्या किरणांची जेवढी नेहमीची धूळ होती तेवढीच माझ्यावर, तिच्याहून कणभरही जास्त नाही.

"सातवी कोरी," मामा म्हणाले, आणि हा माणूस तिथेच सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझा कोपरा दुमडला आहे, पांढऱ्या थराचे पोपडे निघाले आहेत, आणि माझ्या जागी नवी, तुकतुकीत सातवी आली आहे. मामा निवृत्त झाले. पण निघताना त्यांनी दिव्याखालचं टेबल बदलून मोठं करून घेतलं, सात प्लेटा नीट मावतील एवढं. तुम्हीही एवढं करा. जिच्यावर काही दिसत नाही, जी सगळ्यांत मागे उभी असते, तिच्यासाठीही दिव्याखाली जागा ठेवा. ती गप्प असते म्हणून रिकामी असते असं समजू नका.

चकाकी पुन्हा आपल्या जुन्या खोलीत आली आणि अजून तिथेच, त्या नव्या भिंतीला पाठ लावून चकत्या घासते. तिच्या डोक्यावर एका चौकटीत माझं त्या आठव्या दिवसाचं चित्र लावलेलं आहे. नवीन माणसं विचारतात, "हे काय लावलंय? यात तर काहीच नाही."

"हो," ती म्हणते आणि पुन्हा कामाला लागते.